काय-बिघडतं बाई

बाईंच्या पुढ्यात काहीही ठेवा, त्यातलं काय काढून टाकता येईल याच्यावर त्यांची नजर आधी जायची. चहा आला की म्हणायच्या, "अर्धाच दिला तर काय बिघडतं?" जेवणाच्या डब्यातल्या मधल्या वाटीचं झाकण त्यांनी घरीच ठेवलं होतं, कारण वरची वाटी तिच्यावर बसतेच. चपलेचा मागचा पट्टा कापलेला. गाडीच्या किल्लीला दोरा नाही की कडी नाही, नुसती किल्ली. पहिल्या आठवड्यातच आमच्या कारखान्यात त्यांचं नाव काय-बिघडतं बाई पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मोठं झालं की हो. नुसतं बाई म्हटलं तर काय बिघडतं?"

तेव्हापासून आम्ही नुसतं बाई म्हणायला लागलो.

मी तिथला जॉबर. म्हणजे माग अडला की त्याला पुन्हा चालता करणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात, गुरुजी येतील त्या दिवशी. पण सोलापुरात आल्यापासून चाळीसच्या वर वर्षं मी मागाच्या आवाजावरून त्याचं काय दुखतंय ते सांगत आलो आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आणि कुणाला बढाई वाटली तर वाटू दे.

बाई कशासाठी आल्या ते आधी सांगतो. पूर्वी चादरीवरची नक्षी पुठ्ठ्यांच्या माळेवर असायची. एक पुठ्ठा म्हणजे चादरीची एक आडवी ओळ. पुठ्ठ्यात भोक असलं की उभा धागा वर उचलायचा, नसलं की खाली राहायचा. थोरले मालक होते तेव्हाच अकरा मागांवरचे पुठ्ठे उतरले आणि तिथं डबे बसले. आता नक्षी डब्यातल्या चिपमध्ये, आणि ती नक्षी वाचून मागाला हुकूम देणारा प्रोग्रामही त्याच चिपमध्ये. दोघांना मिळून जागा एवढीशी. डबे करणारी कंपनी पुढं बंद पडली. जाताना त्यांनी प्रोग्रामचं मूळ लिखाण एका सीडीवर घालून दिलं. ती सीडी ऑफिसात देवाच्या फोटोखाली असायची आणि खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिचीही पूजा व्हायची. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. बाईंनी ती पहिल्यांदा हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. मग पदरानं पुसली.

धाकट्या मालकांना बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याची मोठी मागणी आली होती. त्याला जुन्या पद्धतीची चादर पाहिजे होती, आणि कारखान्यातल्या जुन्या नमुन्यांतून त्यानं नेमकी डाळिंबाच्या झाडाची चादर उचलली. ते झाड माझं. आयुष्यात मी एकच नक्षी काढली, ती ही. जॉबरनं नक्षी काढायची नसते, पण थोरले मालक म्हणाले, काढ, बघू. आमच्या गावच्या अंगणात डाळिंब होतं. त्याचं एक तरी फळ आम्ही तोडायच्या आधी झाडावरच उकलायचं. म्हणून माझ्या झाडाच्या शेंड्याला एक उकललेलं डाळिंब आहे आणि त्यात एकोणीस दाणे आहेत. झाडाचं एक पान दुसऱ्यासारखं नाही. डावी बाजू उलटून उजवीकडं घातलेली नाही. इतर नक्षी अर्धी काढतात आणि उलटवतात. माझं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकेक ओळ नवी आहे.

आणि तेच नडलं. ते चिपमध्ये बसेना. त्या डब्यात बसेल अशी मोठी चिप बाजारात मिळेना. धाकटे मालक म्हणाले, "बसलं तर बसलं. न्हाय तर हे अकरा माग भंगारात घालतो आणि जागा गोडाऊनला देतो." त्या अकरा मागांवर नागेशअण्णा आणि त्याच्यासारखे आणखी सात विणकर होते, आणि मी होतो. मालकांना कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं. त्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या. वडील मागावरच गेलेले. इंजिनिअर होऊन परगावी नोकरी केली होती आणि आईसाठी परत आल्या होत्या.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. त्यांनी झाडाचं चित्र पडद्यावर मोठं केलं, वर शेंड्याला आल्या आणि म्हणाल्या, "तात्या, हे एक फळ फुटलंय. हे काढून इथं साधं पान टाकलं तर काय बिघडतं?"

मी म्हणालो, "झाड बिघडतंय."

"एवढ्या उंचावर कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

नागेशअण्णा मागून म्हणाला, "बाई, ते फळाला हात लावू नको. थोरला मालक पण लावला नाही."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग चित्र बंद केलं. "बरं. झाडाला हात लावणार नाही. प्रोग्राम आटवते." दूध आटवतात तसा प्रोग्राम आटवायचा, असं त्यांचं म्हणणं. वस्तू तीच राहिली पाहिजे आणि भांड्यात कमी दिसली पाहिजे.

दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढं जे झालं त्यात झाडाला त्यांनी हात लावला नाही.

आधी झाड कॉम्प्युटरात घालायचं होतं. जुने पुठ्ठे माळ्यावर होते. ते आम्ही खाली काढले, ओळीनं मांडले आणि बाईंनी मोबाइलवर एकेकाचा फोटो घेतला. बरेच पुठ्ठे उंदरांनी कुरतडले होते. त्या ठिकाणी बाई थांबायच्या आणि मी डोळे मिटून सांगायचो, "भोक, भोक, कोरं, तीन भोकं, कोरं." त्या टाइप करायच्या. एकदा त्यांना शंका आली. एक चांगला पुठ्ठा पाठीमागं धरून त्यांनी मला तीच ओळ विचारली. मी सांगितली. त्यांनी ताडून बघितलं आणि म्हणाल्या, "तात्या, तुमच्यात किती जागा आहे हो?" ते मला आवडलं. मी तोंडावर दाखवलं नाही.

बाई ज्या हत्यारानं काम करायच्या ते कॉम्प्युटरातलंच. बाई लिहीत ते घेऊन हे हत्यार चिपला कळेल असा प्रोग्राम बांधून द्यायचं. त्याची एक खोड त्यांनी मला सांगितली. त्याला 'मदत' असा शब्द दिला की आपल्याला काय काय येतं त्याची यादी ते दाखवतं. पण ती यादी खोटी. म्हणजे खरी, पण अर्धी. तोच शब्द जरा वेगळा करून दिला, 'लपलेलंही सांग' असं म्हटलं, की पडदा भरून वाहायला लागतो. त्या लपलेल्या यादीत फाइल लहान करायच्या कितीतरी युक्त्या असतात.

मी विचारलं, "लपवतंय कशाला?"

"नवख्याच्या हाती लागलं तर तो वाट्टेल ते काढून टाकेल, म्हणून."

मला माझा उस्ताद आठवला. तो असाच होता. नुसतं "शिकवा" म्हटलं तर बिडी ओढत बसायचा. "धोटा डावीकडं गेल्यावरच का अडखळतोय" असं विचारलं की उठायचा.

मग झाड चढायला लागलं. कामाचा हिशोब आम्ही तसाच करायचो, झाड डब्यात कुठपर्यंत मावलं यावर. सुरुवातीला बुंधा आणि खालची फांदी मावत होती, वरचं सगळं बाहेर. बाईंना पहिली युक्ती सापडली ती मोकळ्या जागांची. प्रोग्रामचे तुकडे शेजारी शेजारी ठेवताना हे हत्यार दोहोंच्या मधे मोकळी जागा सोडायचं, आम्ही दोन चादरींच्या मधे दशांसाठी सोडतो तशी. "आपल्याला इथं कात्री कुठं लावायचीय?" म्हणत त्यांनी तुकडे एकमेकाला भिडवले. झाडाला दोन फांद्या आल्या. दुसरी युक्ती, हुबेहूब सारखे तुकडे दोन-दोनदा असतील तर एकच ठेवायचा. आणखी थोडी पानं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी इंग्रजी वाक्यं काढली. धागा तुटला, सुताची कांडी संपली, दार उघडं आहे, असं डबा आपल्या बारक्या पडद्यावर इंग्रजीत लिहायचा. बाईंनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "हे वाचता येतं कुणाला?" कुणालाच येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग नुसते आकडे दाखवले तर काय बिघडतं?" आकड्यांची यादी मी भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिली. एक, आडवा धागा. दोन, उभा धागा. तीन, कांडी. एकीकडं मी मराठीत लिहिली आणि नागेशअण्णानं दुसरीकडं तेलुगूत. ती अजून आहे. झाड शेंड्याच्या खाली हातभर आलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. एवढ्या कंजूष बाई, पण त्या लिखाणाच्या मधे मधे मराठीत भरभरून काहीतरी लिहायच्या. ओळीच्या ओळी. मी एकदा म्हणालो, "बाई, हितं काय कादंबरी चाललीय व्हय? हे काढा की."

त्या हसल्या. "याला वजन नसतं तात्या. उद्या दुसरा कुणी हे उघडेल, त्याच्यासाठी लिहायचं. चिपमध्ये जाताना हत्यार हे सगळं गाळून टाकतं. हे फक्त माणसासाठी."

"मग लिवा की. हात आखडू नका."

"नाहीच आखडत," त्या म्हणाल्या. आणि खरंच, अर्धा कप चहाची ही बाई तिथं सढळ हातानं लिहायची.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय बाईंबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

सगळे पुठ्ठे कॉम्प्युटरात गेल्यावर ते ऑफिसाच्या व्हरांड्यात पोत्यांत भरून पडले होते. धाकटे मालक येता-जाता त्यांना अडखळायचे. एके सकाळी मी मागाखाली आडवा होतो, आणि, हे मला अण्णानं नंतर सांगितलं, ते बाईंना म्हणाले, "ह्याचं काय करायचं?" बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "सगळं आत घेतलंय. काढले तर काय बिघडतं?" तासाभरात टेम्पो आला. मी मागाखालून बाहेर आलो तेव्हा पोती गेली होती. माझ्या हातानं पाडलेली भोकं होती ती. एकेक पुठ्ठा मी पायाखाली धरून, पट्टी लावून, ठोकून केला होता. जेवायला गेलो, तसाच परत आलो.

त्याच दिवशी बाईंना शेवटची युक्ती सापडली. लपलेल्या यादीत ती अगदी तळाला होती. ज्या तुकड्याला बाकीच्या प्रोग्रामातलं कुणीच हाक मारत नाही, तो तुकडा हत्यारानं शोधायचा आणि टाकून द्यायचा. असे बरेच निघाले. झाड शेंड्यापर्यंत मावलं, उकललेल्या डाळिंबासकट. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या आणि नेहमीचं मराठी सोडून आईशी फोनवर तेलुगूत काहीतरी भरभर बोलल्या. नागेशअण्णानं मला सांगितलं, "फळ बसला म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक चिप भरून पहिल्या मागावर लावली. चादर सुरेख निघाली. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी नेहमीसारखा मेन स्विच ओढला, आणि मला दिसलं. लाइट जाते तेव्हा डब्यावरचा लाल दिवा एकदा लुकलुकतो आणि मग विझतो. इतकी वर्षं मी ते बघतो आहे. त्या दिवशी तो लुकलुकला नाही. सरळ विझला. सुट्टीला काय आणि रात्री काय, आमच्यात चादर पुरी करूनच माग थांबवतात, म्हणून दुसरं कुणाला काही कळलं नाही.

मला कळलं. त्या लुकलुकण्यात डबा आपण कुठल्या ओळीवर होतो ते लिहून ठेवतो. ते कुणी मला शिकवलेलं नव्हतं. बघून बघून समजलं होतं. बाई तिथून दहा पावलांवर अर्धा चहा पीत होत्या. मी तोंड उघडलं असतं तर संपलं असतं. मी मनात म्हणालो, ह्यांनी मला विचारलं का? पोती जाताना विचारलं? मग मी का सांगू? आणि मी भाकरीचं फडकं सोडलं.

त्या आठवड्यात लाइट एकदाही गेली नाही. मालकांनी अकराही डबे भरून घेतले. सगळे माग डाळिंब विणायला लागले. सोमवारी भर दुपारी लाइट गेली, पंधरावीस मिनिटांनी आली, आणि अकराही माग एकदम सुरू झाले. डब्यांना आपण कुठं होतो त्याची आठवण नव्हती. त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. प्रत्येक चादरीवर झाडाच्या कमरेतून पुन्हा बुंधा उगवला.

अण्णानं हाक मारली तोवर वीतभर बुंधा विणून झाला होता. मालक आले. अकराच्या अकरा चादरी बघत गेले. बाईंना म्हणाले, "हे काय हाय? हे लोकांना दाखवू मी?" बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. कुठं झाली ते मला अजून कळलेलं नाही." मालक म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत बघतो. मग भंगारवाल्याला बोलावतो." सगळ्यांच्या समोर. मी अण्णाच्या मागाला टेकून उभा होतो आणि हातातल्या पान्याकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. बाई माझ्याही आधी आलेल्या. डोळे लाल. पडदाभर लिखाण वर-खाली करत होत्या. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "लाल दिवा लुकलुकंना झालाय."

"कधीपासून?"

"तुमी शेवटचं काढलं तवापासून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"आठवडाभर?"

"व्हय."

बाई रागावलेल्या मी तेवढ्या एकदाच बघितल्या. त्यांचा आवाज चढत नसे, उतरायचा. "तात्या, आठ माणसांची कामं जायची होती. तुमचंच झाड बिघडलं. आणि तुम्ही गप्प बसलात?"

"इचारलं का मला कुणी?" मी म्हणालो. "माझे पुठ्ठे गेले तवा इचारलं का? 'काय बिघडतंय' म्हणाला तुमी. कुणाला म्हणाला? मालकाला. पुठ्ठे त्याचे होते व्हय?"

बाईंनी व्हरांड्याकडं बघितलं, जिथं पोती असायची. मग म्हणाल्या, "ते तुम्ही हातानं केले होते."

"मग कुणी केले होते?"

"मी विचारायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळानं, "मी फाइलीला विचारते. माणसाला विचारायचं राहून जातं."

मी खुर्ची ओढून बसलो. दोघांचंही बोलून झालं होतं.

त्यांनी शोधलं आणि तासाभरात सापडलं. लाइट गेल्यावर ओळ लिहून ठेवणारा जो तुकडा होता, त्याला प्रोग्रामातलं कुणीच हाक मारत नव्हतं. लाइट गेली की तारेतूनच त्याला धक्का बसायचा आणि तो जागा व्हायचा. एरवी झोपलेला. हत्याराला वाटलं, हा बिनकामाचा.

"मग आता?"

"यालाही शब्द आहे. 'ठेव' म्हणायचं. कुणी हाक मारो न मारो, ठेव." त्यांनी तो शब्द घातला. तुकडा परत आला आणि झाडाचा शेंडा पुन्हा बाहेर गेला. साठेक ओळी कमी पडत होत्या. नेमकं उकललेलं डाळिंब बाहेर.

बाईंनी ते साधं पान करू का, असं विचारलं नाही. मी त्याची वाट बघत होतो. त्यांनी पडद्याकडं पाठ केली आणि म्हणाल्या, "तात्या, यादी संपली. यातलं लपलेलं सगळं मी वापरलं. आता तुमचं सांगा. लपलेलंही सांगा."

मला हसू आलं. मी म्हणालो, "हा डबा किती रंगांचा हाय?"

"सहा."

"आमचा माग चार धोट्यांचा. एका धोट्यात एका रंगाचा आडवा धागा. पाच नंबर, सहा नंबर कुणी आजवर वापरलाच न्हाय. वापरणार कसा? बसवायला जागाच न्हाय."

त्या उठून मागापर्यंत गेल्या. धोट्यांची पेटी हातानं चाचपली. एक, दोन, तीन, चार. परत आल्या. "हे कुठंच लिहिलेलं नाही हो."

"कशाला लिवायचं? मागाकडं बघितलं की दिसतंय."

दोन रंगांचं जे काही होतं ते त्यांनी काढलं. काढायच्या आधी एकेक तुकडा मला सांगितला, हा याच्यासाठी, काढू? मी म्हणायचो, काढा. एका ठिकाणी म्हणालो, थांबा, हा चार नंबरच्याही उपयोगाचा दिसतोय. तो ठेवला. जेवायच्या वेळेपर्यंत झाड शेंड्यासकट आत होतं, वर बोटभर जागा शिल्लक.

मग चाचणी. मालक, अण्णा आणि सगळे पहिल्या मागाभोवती उभे. मी मेन स्विचपाशी. माग चालू असतानाच मी खटका ओढायचो. लाल दिवा लुकलुकायचा, विझायचा. पुन्हा खटका वर. माग जिथं होता तिथूनच पुढं. मी बुंध्यात ओढला, फांदीत ओढला, पानात ओढला. दहा-बारा वेळा. दर वेळी बाई डोळे मिटून घ्यायच्या. शेवटी उकललेल्या डाळिंबाच्या मधोमध ओढला. चादर उतरल्यावर मी बोट लावून दाणे मोजले. एकोणीस.

मालक म्हणाले, "बसलं." आणि ऑफिसात गेले. तेवढंच. भंगारवाल्याला फोन केला नाही.

त्यानंतर बाई महिनाभर होत्या. काही विचारायचं असलं की मागापर्यंत चालत यायच्या, लांबून ओरडायच्या नाहीत. एक दिवस मात्र जुन्या सवयीनं म्हणाल्या, "तात्या, तुमच्या या टोपीवर एवढ्या वळ्या कशाला? इस्त्री केली तर..." आणि तिथंच थांबल्या. मी म्हणालो, "काय बिघडतंय ते बोला की." अण्णा हसता हसता खाली बसला.

जायच्या दिवशी त्यांनी मालकांना एक नवी सीडी दिली, नवं लिखाण घालून. माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "आईला घेऊन हैदराबादला चाललेय. तिथं काम मिळालंय." मी म्हणालो, "जावा." त्या म्हणाल्या, "पुठ्ठ्यांचं मला..." मी म्हणालो, "चहा घ्या." त्या दिवशी त्यांनी पूर्ण कप घेतला. गाडीला किल्ली लावली, तर किल्लीला सुताचा एक तुकडा बांधलेला. आमच्याच मागावरचा, डाळिंबी रंगाचा.

पहिल्या दोन दसऱ्यांना त्यांचा फोन आला. मग आला नाही. मीही केला नाही. मी का करू?

गेल्या वर्षी मला कामावरून कमी केलं. वय झालं म्हणाले. तरी मी रोज जातो. सकाळी जातो, अण्णापाशी बसतो, दुपारी येतो. कुणी ये म्हणत नाही, कुणी जाही म्हणत नाही. अकरा माग चालू आहेत.

या महिन्यात मालकांनी नव्या नक्षीसाठी पुण्याहून एकाला बोलावलं. चाळिशीचा गृहस्थ, चष्मा, हळू बोलणारा. दोन दिवस तो पडद्यात डोकं घालून होता. तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि मागांच्या आवाजात ओरडून म्हणाला, "इथं जॉबर तात्या कोण आहेत हो?"

अण्णानं माझ्याकडं बोट केलं.

मी म्हणालो, "कशाला पायजे?"

"यात एक तुकडा आहे काका, त्याला कुणीच हाक मारत नाही. जागा खातोय. मी काढणार होतो, तर वर हे लिहिलंय." त्यानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. इंग्रजीच्या गर्दीत मराठी होतं. मोठी मोठी अक्षरं केली त्यानं. मी स्वतः वाचलं.

'हे काढू नका. याला कुणी हाक मारत नाही, पण लाइट गेली की हेच लागतं. मी एकदा काढून बघितलं. झाडाच्या कमरेतून बुंधा उगवला. खात्री करायची असेल तर जॉबर तात्यांना विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत. विचारावं लागतं.'

मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"काय भानगड आहे ही?" तो म्हणाला.

मी अण्णाला दोन चहा सांगितले, पूर्ण कप. शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बसा. काय काय इचारायचंय ते इचारा."